जागा तू निवडलीस

९ नोव्हेंबर
क्वार्ट्झसाइटच्या दक्षिणेला

ओरिसिया,

पाकिटावरचा पत्ता वॉल्टरकडून लिहून घेतलाय. माझं अक्षर दिसलं की तू पत्र न उघडताच शेगडीत घालतेस, असं लेस्या म्हणाली. लेकीवर रागावू नकोस, मीच तिला खोदून खोदून विचारलं. उघडलंस ना आता? मग वाच. सख्ख्या बहिणीचं पत्र वाचल्याने अंगाला भोकं पडत नाहीत.

आमच्या ट्रेलरच्या मागच्या खणात तुझ्या नेस्टरची दुमडायची खुर्ची सापडली. निळी, एका हातावर सिगारेटचं भोक पडलेली. पाठवू का ठेवू, एवढंच विचारायचं होतं.

गेला हिवाळा घरी, कनोरातच काढला, हे तुला माहीतच आहे. तू दोन रस्ते पलीकडे, आणि किराण्याच्या दुकानात एकमेकींना बघून आपण वेगवेगळ्या रांगांत. जानेवारीत वॉल्टरचा दमा इतका वाढला की डॉक्टर म्हणाले, पुढच्या थंडीत त्याला इथे ठेवाल तर माझ्याकडे येऊ नका. म्हणून आलो. नाहीतर मला आता वाळवंटाचं काय कौतुक?

मी जागा कशी निवडते तुला ठाऊक आहे. आधी पायांनी फिरायचं, गाडी मागाहून. ओढ्याच्या कोरड्या पात्रात नाही, कारण पाऊस डोंगरात पडतो आणि पाणी आपल्या दारात येतं. दार पूर्वेला, म्हणजे सकाळचं ऊन चहाबरोबर आणि पश्चिमेचा वारा पाठीवर. शेजारी हाकेच्या अंतरावर असावा, पण त्याची जांभई ऐकू येऊ नये. यंदा यातलं काही केलं नाही. यंदा वॉल्टर फोन हातात धरून पुढे चालत होता आणि मी मागून. चार रेघा दिसल्या तिथे थांबला. "इथं." म्हटलं, अरे, सांडपाणी ओतायची जागा बघ, चाळीस पावलांवर आहे, वास येईल. म्हणाला, "येऊ दे."

चारशे घरगाड्या आहेत इथे, नुसत्या खडीवर. झाड म्हणून नाही. शेजारचा माणूस दिवसातून चार तास जनरेटर लावतो आणि वर विचारतो, आवाजाचा त्रास नाही ना.

नेस्टरला पुरलं त्या दिवशी दफनभूमीत सगळ्यांसमोर तू म्हणालीस, "जागा तू निवडलीस." त्याला आता पावणेदोन वर्षं होतील. बोलणार काय? निवडली होतीच.

आम्हाला इथे राहवत नाही. यंदा कुठे राहावं, तू सांग. अकरा हिवाळे आपण चौघं आलो, आणि मी हे तुला पहिल्यांदा विचारतेय. ते तुझ्या लक्षात आलं असेलच.

स्टेफा


३० नोव्हेंबर
युमाच्या वर, नदीकाठी

ओरिसिया,

तुझं उत्तर नाही. खुर्ची मी ठेवून घेतली आहे.

आम्ही हललो. लेस्याला मी वाऱ्याचं कारण सांगितलं, पण ते खरं नाही. झालं असं. संध्याकाळी चारला लोक खुर्च्यांचं कोंडाळं करून बसतात ना, तसे बसलो होतो. मॅनिटोबाहून आलेला एक नवा माणूस होता, बायकोला घेऊन पहिल्यांदाच आलेला. त्याला कुणीतरी सांगितलं, या बाईंना विचारा, यांच्या वहीत वाळवंटातला प्रत्येक तळ आहे. झालं, माझा घोडा उधळला. सावली कुठे, रेती रुतणारी कुठे, कोल्ही रात्री कुत्र्यांना कुठे भुलवून नेतात, सगळं सांगत सुटले. तो म्हणाला, डोंगरापलीकडे एक खोरं आहे म्हणे, तिथे माणूसच नसतं?

मी तोंड उघडणार, तेवढ्यात वॉल्टर म्हणाला, "तिथून दवाखाना किती लांब आहे, ते विचारा तिला."

वॉल्टर! अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात चारचौघांत तो मला एवढंही कधी बोलला नव्हता, "स्टेफा, मीठ जास्त पडलंय." मॅनिटोबावाल्याची बायको स्वतःच्या बुटांकडे बघायला लागली. मी उठले आणि ट्रेलर जोडायला घेतला.

इथे नदी आहे, बोरू आहेत, बदकं आहेत. दवाखाना पंचवीस मिनिटांवर. ते मी स्वतः गाडी चालवून मोजलं, एकदा सकाळी आणि एकदा शाळा सुटायच्या गर्दीत. आणखी दोन तळ बघितले. एक नुकताच झाडून काढल्यासारखा स्वच्छ, पण वाटेत रेल्वेचं फाटक. मालगाडी आली की फाटक अकरा मिनिटं बंद. दुसऱ्या ठिकाणी दरवाजा रात्री कुलूपबंद करतात. किल्ली कुणाकडे, विचारलं, तर रखवालदार हसला. म्हणाला, "आजी, रात्री कुठं जायचंय तुम्हाला?"

तुला हे सगळं ऐकून बरं वाटत असेल. पूर्वी हे तू विचारायचीस. फाटक आहे का, फोन लागतो का, रस्ता पक्का आहे का. आणि मी म्हणायचे, घ्या, आल्या आमच्या सुरक्षा अधिकारी. नेस्टर हसून लोळायचा.

त्या वेळी तुला युमातल्या त्या ताडाच्या झाडांच्या तळावर राहायचं होतं. वीज, पाणी, गरम अंघोळ, समोर दवाखाना. मी त्याला ताडं लावलेला वाहनतळ म्हटलं होतं. तुला फुलं बघायची आहेत का शेजाऱ्यांच्या बनियनी, असंही म्हटलं. आणि खोऱ्यात नेलं. चोवीस किलोमीटर कच्चा रस्ता. त्या संध्याकाळी नेस्टर कोसळल्यावर वॉल्टर त्याच रस्त्याने फोनची रेघ शोधत गेला. तू मांडीवर डोकं घेऊन बसली होतीस आणि मी उभी होते. हेलिकॉप्टर आलं तेव्हा त्याच्या वाऱ्याने तुझा रुमाल उडाला, तो मी पळत जाऊन आणला. तेवढंच काम मला जमलं.

वॉल्टर बरा आहे. दमा नाही. माझ्याशी कामापुरतं बोलतो.

स्टेफा


६ जानेवारी
युमा

ओरिसिया,

ख्रिस्त जन्मला. जुन्या पंचांगाने आज आपल्या नाताळची संध्याकाळ, तिकडे आता पहिली चांदणी दिसली असेल आणि लेस्याची पोरं ओट्याभोवती घिरट्या घालत असतील.

आम्ही कुठे आहोत ओळख. ताडाच्या झाडांच्या तळावर. हो, तोच. शेजारच्याच्या बनियनी आत्ता, या क्षणी, माझ्या खिडकीसमोर वाळत आहेत. अंघोळीला गरम पाणी भरपूर येतं. समोर दवाखाना आहे, रस्ता ओलांडला की झालं. दर दोन-तीन दिवसांनी कुणासाठी तरी गाडी येते, भोंगा न वाजवता, कारण वाजवायला अंतरच नाही. परवा चौथ्या रांगेतल्या बाईंना नेलं. संध्याकाळी त्या चालत परत आल्या, हातात जेलीची वाटी घेऊन. मी पडद्याआडून बघितलं आणि मग बराच वेळ भांडी घासत राहिले, स्वच्छ होती तरी.

कुत्या केली, आपली नाताळची गव्हाची खीर. इथे अख्खा गहू मिळेना, तो शेवटी पक्ष्यांच्या खाद्याच्या दुकानात मिळाला. वॉल्टर म्हणाला, आपणही आता पक्षीच. महिनाभरातला पहिला विनोद. खसखस, मध, सगळं घातलं, पण आईसारखी झाली नाही. तुझीच होते तिच्यासारखी. गेलेल्यासाठी एक ताट मांडलं. वॉल्टरने ती निळी खुर्ची बाहेर काढून ताटामागे ठेवली आणि माझ्याकडे न बघता जेवायला बसला.

ताट अर्धं सोडून मी त्या खुर्चीसमोरून उठले. म्हणून हे लिहितेय. वॉल्टरलाही मी हे सांगितलेलं नाही.

त्या दिवशी सकाळी नेस्टर मला भेटला होता. तू आणि वॉल्टर अजून आत होतात. मी पाण्याचे डबे भरत होते, तो मदतीला आला, आणि डबा उचलता उचलता त्याने खाली ठेवला. म्हणाला, "स्टेफा, डावा हात जड झालाय गं. काल लाकडं फोडली, त्याचं असेल. जबडापण दुखतोय." चेहरा राखाडी होता. मी पहाटेच्या उजेडावर ढकललं. मग म्हणाला, "ओरिसियाला बोलू नकोस. ती लगेच गाशा गुंडाळेल. उद्या फुलं बघायला जायचंय ना आपल्याला."

मी म्हटलं, बरं.

मी त्याला चोळायचं मलम दिलं. सकाळचे सव्वासात वाजले होते. तो पडला चार वाजता. मधले पावणेनऊ तास मी त्याच्याकडे तीनदा बघितलं. तिन्ही वेळा तो हसला, आणि मी म्हटलं, चला, आहे ठीक.

तू जागेला दोष दिलास, मी तो घेतला. खरं सांगायचं तर तो घेणं मला सोयीचं होतं. जागा काय, चुकते माणसाची. पण हे वेगळं आहे. त्याने सांगितलं होतं, आणि सांगितलं ते फक्त मला.

यावर तू काय म्हणशील ते म्हण. पण काहीतरी म्हण.

स्टेफा


२ फेब्रुवारी
युमा

ओरिसिया,

चार आठवडे झाले. लेस्या म्हणते, पत्र पोचलं, आईने वाचलं, आणि गोठलेल्या अंगणात जाऊन बर्फ उपसत बसली. वर्षभरापूर्वी तुझ्या कमरेचं ऑपरेशन झालंय. असं करू नकोस.

परवा मी खोऱ्यात जाऊन आले. वॉल्टर आला नाही. म्हणाला, "ट्रक घेऊन जा. फोन राहू दे इथेच, तिकडे त्याचा काय उपयोग?" मला घड्याळ लावून बघायचं होतं. आपल्या जागेपासून खिंडीतल्या फोनच्या रेघेपर्यंत एकेचाळीस मिनिटं. तिथून पक्क्या रस्त्याने शहराचा दवाखाना अजून पन्नास. म्हणजे साडेसातला निघालो असतो तर नऊच्या आसपास तो आत असता. नाश्ताही व्हायचा होता आपला तोवर.

फुलं अजून नाहीत. पाऊस कमी झालाय, यंदा येणारही नाहीत म्हणतात. आपण जिथे चूल केली होती तिथे दुसऱ्याच एका जोडप्याचा ट्रेलर उभा होता. सत्तरीचे दोघं. म्हातारा सावलीत झोपला होता, टोपी तोंडावर. मला वाटलं, जाऊन हलवावं. बाई बाहेर आली, म्हणाली, "किती शांत आहे ना इथे?"

मी म्हटलं, हो, फार शांत आहे. आणि ट्रकमध्ये बसून परत आले. एवढं सगळं होऊनही मी त्या बाईला काही सांगू शकले नाही.

स्टेफा


१९ फेब्रुवारी
युमा

ओरिसिया,

आता लिहू नकोस, असं तू काल म्हणालीस. हे शेवटचं. टाकीन की नाही, तेही माहीत नाही.

तुझा फोन आला तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. तू फोन केलास तोही वॉल्टरच्या नंबरावर. त्याने माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "तुझी बहीण." मला वाटलं, लेस्या असेल, काही वाईट झालं असेल. दोन वर्षांनी तुझा आवाज ऐकला तर तो आईचा वाटला.

तू म्हणालीस, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"त्याचा हात. रात्रभर चोळत होता. मी पहाटे उठवलं त्याला. म्हटलं, नेस्टर, कपडे घाल, शहरात जाऊ. तर म्हणतो कसा, नको गं, स्टेफा हसेल."

मी म्हटलं, "ओरी, मी..."

"थांब. जन्मभर तू सगळ्यांना थांबवलंस, आज तू थांब. तो तसं म्हणाला आणि मला ते पटलं, कळलं तुला? मला पटलं! डोळ्यांपुढे तू आलीस, कमरेवर हात ठेवून. आल्या आमच्या सुरक्षा अधिकारी. मी उठले आणि पॅनकेक भाजायला घेतले. माझा नवरा मरत होता आणि मी माझ्या बहिणीच्या हसण्याला घाबरून पॅनकेक भाजत होते. हे मी कुणाला सांगू? लेस्याला? पाद्रींना? म्हणून म्हटलं, जागा तू निवडलीस. ते बोलायला सोपं होतं."

मी म्हटलं, मग दोघींचीही...

तू म्हणालीस, "हो, दोघींची. म्हणूनच जमणार नाही. तुला माफ करायचं तर मला स्वतःला करावं लागेल, आणि ते मला होत नाही, स्टेफा. प्रयत्न केला. चार आठवडे केला. तुझं पत्र आलं की ती पहाट परत येते. आता लिहू नकोस." आणि मग, ठेवता ठेवता, "वॉल्टरला सांभाळ."

ओरिसिया, सहा जानेवारीच्या पत्रात मी लिहिलं की नेस्टरला मी 'बरं' म्हटलं. तसं नाही झालं. मी हसले. म्हटलं, "तुझी बायको तर तुला शिंक आली तरी दवाखान्यात नेईल. मलम लाव आणि पुरुषासारखा डबा उचल." त्याने उचलला. दोन्ही डबे उचलून तुमच्या दारापर्यंत नेले, आणि मी मागून टाळ्या वाजवल्या. तू आत होतीस. टाळ्या तुला ऐकू आल्या असतील.

वॉल्टरने फोनवरचं सगळं ऐकलं असणार, तुझा आवाज चढलेला होता. माझ्या हातातला ओला पलंगपोस घेऊन त्याने दोरीवर टाकला, चिमटे लावले, उरलेली टोपलीही रिकामी केली. रात्रीचं जेवण आम्ही उजेड असतानाच उरकतो. जेवताना मी विचारलं, "वॉल्टर, मी हसेन म्हणून तू कधी काही बोलायचं टाळलंस का?"

तो पावाला लोणी लावत होता. अगदी कडेपर्यंत लावत राहिला.

"वॉल्टर, मी विचारलं."

"ऐकलं मी."

"मग?"

"वाळवंट," तो म्हणाला. "मला नाही आवडत."

मला वाटलं, नेस्टर गेल्यापासून म्हणतोय. म्हटलं, साहजिक आहे.

"नाही, पहिल्यापासून. डोळ्यांत धूळ जाते. सगळीकडे सारखंच दिसतं. मला वाटायचं, एखाद्या वर्षी समुद्रावर जावं. मासे धरावेत. नेस्टरलाही जायचं होतं. आम्ही दोघं बोलायचो कधी कधी, लाकडं आणायला गेलो की."

अकरा हिवाळे, ओरिसिया. ते दोघं लाकडं आणायला गेले की परतायला उशीर व्हायचा, आणि मी म्हणायचे, काय, जंगल तोडून आलात की काय?

"मग बोललास का नाहीस?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. राग असता तर मी भांडले असते, ते मला येतं. डॉक्टर पेशंटकडे बघतो तसं त्याने बघितलं, आणि पाव खाल्ला.

आज सकाळी मी तळाच्या कचेरीतून एक मोठा नकाशा आणला, त्यात पार किनाऱ्यापर्यंत सगळं आहे. टेबल पुसून त्याच्यापुढे पसरला. म्हटलं, "तू निवड. समुद्र म्हण, घर म्हण, बर्फात जायचं म्हण. मी एक शब्द बोलणार नाही. तू बोट ठेव, मी ट्रेलर जोडते."

"खरंच?"

"खरंच."

त्याने चष्मा लावला. बोट युमावरून निघालं, पश्चिमेला डोंगर ओलांडून गेलं, निळ्या रंगाच्या कडेला पोचलं. तिथे थांबलं. मग किनाऱ्याने वर गेलं, खाली आलं, पुन्हा वर. मी दात आवळून बसले होते. त्या किनाऱ्यावर हिवाळ्यात धुकं असतं, त्याच्या छातीला ते चालणार नाही, आणि तिथल्या तळांवर सहा महिने आधी जागा धरावी लागते, हे सगळं माझ्या जिभेवर होतं. मी बोलले नाही. किटली शिटी वाजवायला लागली तरी उठले नाही.

बोट निघालं तिथेच, युमावर, परत आलं. त्याने चष्मा काढला, माझा चेहरा नीट न्याहाळला आणि विचारलं,

"तुला कुठली जागा चालेल?"

स्टेफा